मारबतीच्या दिवशी चितार ओळीत

नागपुरात पाहुणा आला की त्याला झीरो माईल, दीक्षाभूमी, फुटाळा असं फिरवून संत्रा बर्फीचा डबा हातात देतात. माझा चित्रकार मित्र यातलं काहीच करत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. बाकी शहर केव्हाही दिसते," एवढाच त्याचा निरोप. तो बांबू, रद्दी आणि जुन्या साड्यांपासून माणसाहून उंच मांडणशिल्पं करतो. मुंबईच्या कलादालनात ती बघताना वाटायचं, हे वटारलेले डोळे याला सुचतात कुठून? ते इतवारी भागातल्या मारबतीच्या मिरवणुकीत कळलं.

सकाळपासूनच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मारबत म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा भलामोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते आणि गर्दीला अक्षरशः उधाण येतं. काळी म्हणजे दुष्ट, पिवळी म्हणजे देवीचं रूप; पिवळीपुढे बाया लेकरं धरतात, हात जोडतात. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" या आरोळीत माझाही आवाज कधी मिसळला ते कळलंच नाही. मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, आले. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, आणि एक बडगा कोणाचा ते चेहऱ्यावरून ओळखू येत होतं, पण मी इथं लिहिणार नाही. राजकीय व्यंगचित्र बघायला वर्तमानपत्र कशाला हवं!

मिरवणूक संपली की हे सगळं जाळतात. मित्राच्या डोक्यात लहानपणापासून हेच बसलंय. कित्येक दिवस खपून करायचं, एक दिवस मिरवायचं आणि पेटवून द्यायचं. "आमच्या गल्लीतले पोट्टे बडगा करत, मी कागद चिकटवून देत होतो. चित्रकलेच्या कॉलेजात गेलो ते मंग," तो म्हणाला.

दुपारी त्यानं मला महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, नेलं. खरं तर मी नागपूरला गेलो ते या गल्लीसाठीच, असं आता वाटतं. मारबत भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, गणपती चतुर्थीला. म्हणजे एकीकडे इडापिडा जाळायला निघालेली, दुसरीकडे बाप्पा अर्धे रंगलेले. दाटीवाटीनं उभ्या मूर्तींत कुणाला हात नाहीत, कुणाचं सोवळं अजून मातीच्याच रंगाचं. एक म्हातारे मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत होते. ब्रशला मोजून चार केस असतील. आधी पापणीची वरची रेघ, एका दमात, मनगट न टेकवता. मग बुबुळ. ते काळं झालं आणि इतका वेळ भिंतीकडे बघणारी मूर्ती एकदम आमच्याकडे बघू लागली. मित्र हळूच म्हणाला, "काका, मले कधी जमन हे?" काकांनी मान वर न करता विचारलं, "तुह्या बाहुल्याले डोये लागतेत कायले? तुले तर जाळाचेच आहे ना?"

हा टोला त्याला लागला असावा, कारण तर्री पोहे खाताना विषय निघालाच. मुंबईच्या एका कलादालनाला त्याचं एक शिल्प कायमचं हवंय, फायबरमध्ये. पैसे बरे आहेत. तो नाही म्हणून बसलाय: "जळत नसन तर ते नागपूरचं कसं, बे?" मला हा हट्ट थोडा महागडा वाटतो. घरभाडं काही मारबत घेऊन जात नाही. शिवाय याच शहरात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात, तेही नागपूरचंच की. असं म्हटल्यावर तो गप्प झाला, तर्री आणखी मागितली आणि विचारलं, "लाकूड कोणतं वापरतेत बे त्याले?"