कल्पित भाषेतला एक माणूस अजून डोंगरधारेवर उभा आहे

भाषा घडवण्याचा नाद मला जुनाच. आधीच्या दोन भाषा वर्णमालेपासून सुरू केल्या आणि दोन्ही वर्णमालेतच संपल्या. या वेळी मी आधी नकाशा काढला: एक अरुंद खोरं, मधून नदी, दोन्ही अंगांना चढ आणि वर डोंगरधार. मग ठरवलं की इथल्या लोकांना नुसतं ‘जाणं’ द्यायचंच नाही. डावं-उजवं नको, पूर्व-पश्चिमही नको. जायचं ते जमिनीच्या कलानं.

पहिल्या बैठकीत चार धातू झाले. ‘केम’ म्हणजे उगमाच्या बाजूला जाणं, ‘लोर’ म्हणजे प्रवाहासोबत खाली जाणं, ‘ताष’ म्हणजे धारेकडे चढणं आणि ‘नुह’ म्हणजे पाण्याकडे उतरणं. फार सोपं गेलं, आणि त्यात नवल नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मध्ये भाषांची जी विभागणी मांडली, तिच्यात काही भाषा मार्ग क्रियापदातच बसवतात आणि काही तो बाहेरच्या शब्दावर सोपवतात. आपली मराठी बरीचशी पहिल्या गटातली. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे: वाट क्रियापदातच आली, आणि कसं गेलो ते ‘धावत’, ‘लंगडत’ असं बाजूला जोडायचं. म्हणजे मी काही नवीन करत नव्हतो, मराठीचीच सवय जरा ताणत होतो.

मग हाव सुटली. जाण्याला चार, तर येण्याला वेगळे चार. नेण्याला चार, आणण्याला चार. सोळा धातू, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आठवड्यानं माझे मलाच आठवेनात. शेवटी नेपाळातल्या किरांती भाषांकडे वळलो. त्यांपैकी अनेकींत चढून येणं, उतरून येणं आणि सपाटीवरून येणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणण्यालाही तशीच. चढ-उताराइतकीच सपाटीही तिथे मोजली जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सोळातले बारा धातू खोडले. मूळ चार ठेवले, ‘येणं’ दाखवायला मागे ‘-मा’ जोडला आणि नेण्या-आणण्याचं काम ‘धरून’ या अर्थाच्या एका शब्दावर भागवलं. सपाटीचा प्रश्न मात्र पुढे ढकलला. तो चुकीचा निर्णय होता.

कारण खरी परीक्षा मित्रानं घेतली. मी त्या भाषेत अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला: एक बाई शेळी शोधायला निघते. अर्थांची यादी आणि नकाशा त्याच्या हाती देऊन सांगितलं, तिची वाट पेन्सिलीनं काढ. त्यानं तिला तीनदा नदीत घातलं. चूक त्याची नव्हती. या काठावर ‘ताष’ एका दिशेला, तर पल्याडच्या काठावर बरोबर उलट. नदी ओलांडण्याला माझ्याकडे शब्दच नव्हता, त्यामुळे बाई कोणत्या काठावर आहे हे त्याला कळणार तरी कसं?

दिशा उलटणं हा दोष नाही, एवढं मला ठाऊक होतं. बालीत ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे. बेटाच्या दक्षिण भागात ती उत्तर होते, उत्तर भागात दक्षिण. लोकांचं काही अडत नाही. उलट मेक्सिकोत चियापासमधल्या तेनेहापा भागात त्सेल्ताल बोलणारे ‘चढाकडे’ म्हणतात तेव्हा दक्षिण धरतात, सपाट टेबलावरच्या वस्तूंबाबतसुद्धा. एकीकडे दिशा जमिनीला चिकटलेली, दुसरीकडे जमिनीतून उचलून पक्की केलेली. मला पहिलाच मार्ग हवा होता, म्हणून पाचवा धातू आला: ‘वेश’, पाणी ओलांडणं. (मराठीत ‘उतार’ म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागाही. हे आठवलं तेव्हा उगीचच आनंद झाला.) ‘वेश’ उच्चारला की पुढची सगळी क्रियापदं समोरच्या काठावरून मोजायची. ओढे मिळतात तिथे नियम असा केला की सगळ्यात जवळचं वाहतं पाणी खरं. संगमावर तरीही गोंधळ होतोच. तो मी राहू दिला. तिथले लोक त्यावर भांडत असतील.

घराच्या आत काय करायचं, हे आपोआप सुटलं. घरांची दारं नदीकडे आहेत असं ठरवल्यावर ‘नुह’चा अर्थ बाहेर पडणं आणि ‘ताष’चा आत शिरणं असा घसरला. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेला तुकडा हाच, कारण तो मी रचला नाही. मरणाला ‘लोर’ वापरायचा मोह झाला होता, पण तो कुणालाही होईल, म्हणून सोडला.

मग मित्राला दुसरा मजकूर दिला. या वेळी बाई कोरडी राहिली, दोन्ही काठ फिरली, शेळीही सापडली. पण शेळी होती थेट धारेवर. वर कडेला मी सपाट पठार काढून ठेवलं होतं, आणि तिथून चढ नाही, पाणी नाही, पलीकडचं खोरं यांचं नाही. ‘नुह’ म्हटलं तर ती घरी परतते. पलीकडे उतरायला या भाषेत क्रियापदच नाही. शेजारच्या खोऱ्याकडून एखादं उसनं घ्यावं म्हणतो, पण त्यासाठी आधी त्यांची भाषा घडवावी लागेल. नकाशाच्या त्या बाजूला सध्या फक्त नदीची एक रेघ ओढली आहे.