धार बारीक होते तेव्हा

मंगळवार, रात्री साडेदहा

भाचीनं आज माझ्या कादंबरीची पहिली सहा प्रकरणं वाचून संपवली. कप विसळून ठेवला, हात पुसले आणि मग विचारलं, "मावशी, हा शिरीष घरी गेल्यावर काय करतो गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे नंदिनी समोर नसते तेव्हा. काय जेवतो, कुणाशी भांडतो, त्याला झोप कशानं लागत नाही? ती दुकानात आली की तो मान वर करतो, गेली की पुन्हा मान खाली. मला तो दिसतच नाही."

ती झोपायला गेली, मी अजून जागी आहे. दोन वर्षं झाली हा माणूस माझ्या टेबलावर आहे. नंदिनी मुद्रितशोधक, वय छत्तीस. शिरीष शनिवार पेठेतला बाइंडर, वय एकेचाळीस. वही काढली आणि त्याच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहीत गेले. उंच आहे. आवाज शांत आहे. बोटं लांब आहेत. कमी बोलतो. नंदिनीचं म्हणणं मन लावून ऐकतो. यातली प्रत्येक गोष्ट नंदिनीच्या कामाची आहे. तिला एकटं वाटतं म्हणून तो ऐकतो, तिला कुणी बघत नाही म्हणून तो बघतो. त्याला स्वतःला काय हवंय, हे वहीत एका ओळीनंही आलं नाही.

याचं मला फार वाईट वाटलं. नंदिनीसाठी मी जीव टाकला आणि ज्याच्यावर तिनं जीव टाकावा असं मला वाटतं, त्याला मात्र कोरा ठेवला.

बुधवार

सकाळी अप्पा बळवंत चौकात उतरले आणि आतल्या गल्लीतल्या एका बाइंडरकडे तासभर बसले. आईच्या जुन्या पोथीची पाठ निघाली होती, ते निमित्त. त्यांनी बसायला स्टूल दिलं आणि ते कामाला लागले.

मी बघत राहिले. सोळा पानांचा फॉर्म घडी करून दुसऱ्यावर बसतो, दुसरा तिसऱ्यावर. मग सगळा गठ्ठा हातात धरून ते टेबलावर ठोकतात, एकदा पाठीच्या बाजूनं, एकदा वरच्या बाजूनं, कडा सारख्या होईपर्यंत. दोऱ्याची सुई प्रत्येक घडीच्या पोटातून जाते. खळीचा आंबूस वास सगळ्या खोलीला. तेवढ्या वेळात तीन फोन आले आणि तिन्ही फोनवर ते एकच बोलले: "उद्या नक्की." भिंतीला लागून बघितलं तर अशा 'उद्या'चे छातीएवढे ढीग होते.

परत येताना रिक्षात बसल्या बसल्या शिरीष पहिल्यांदा माझ्याशी बोलायला लागला. तो तारखा पाळत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमत नाही, म्हणून सगळ्यांना हो म्हणतो आणि सगळ्यांचं राहतं. ज्या वाड्यात दुकान आहे तो पाडून इमारत व्हायची आहे. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची. वडिलांच्या वेळचं बिडाचं कटिंग मशीन कुठे न्यायचं, विकायचं तर भंगारात घालायचं का, हा प्रश्न त्याला रात्री दोन वाजता उठवतो. भाऊ नऱ्ह्यात राहतो, तो म्हणतो, "दे टाकून." त्यावरून दोघांचं बोलणं बंद आहे.

आता नंदिनी दुकानात शिरते तेव्हा तो कशाच्या तरी मधोमध असेल. तिच्याकडे बघायला त्याला काहीतरी खाली ठेवावं लागेल.

पाचवं प्रकरण मात्र काढून टाकलं, सगळंच्या सगळं. त्यात तो तीन दिवस तिच्या मागोमाग बसस्टॉपपर्यंत जातो आणि चौथ्या दिवशी ती हसते. लिहिताना मला ते हळवं वाटलं होतं. एकतर्फी प्रेमातून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण याच शहरात वाचल्या आहेत. कुणी मागून येतंय हे कळल्यावर बाईच्या पोटात जे होतं ते मला चांगलं माहीत आहे. ती भीती मी ओढ म्हणून लिहिली होती. असं पुन्हा लिहायचं नाही.

गुरुवार

आज दिवसभर भाषेत अडकले आणि ते अडकणं छान होतं.

चौथ्या प्रकरणात शिरीष म्हणतो, "मी तुझ्यावर प्रेम करतो." मोठ्यानं वाचलं. खोलीत कुणीतरी नाटकाची तालीम करतंय असं वाटलं. आपल्याकडे घरात, रस्त्यात, टेकडीवर कोण असं बोलतं? प्रेम 'करणं' हे स्वयंपाक करण्यासारखं, हिशेब करण्यासारखं होतं. करणारा मी आणि ते माझ्या हातात. खरं तर आपण म्हणतो, "मला तू आवडतेस." या वाक्यात क्रियापद माझ्याकडे बघतच नाही. तो आवडतो, ती आवडते, ते आवडतात. क्रियापद सगळं समोरच्याच्या मागे जातं आणि मी 'मला' होऊन बाजूला उभी. मला थंडी वाजते, मला भूक लागते, मला आठवण येते, तसंच मला तो आवडतो. ते आपल्यावर येतं. व्याकरणानं हे एवढं सांगून ठेवलंय आणि मी पानंच्या पानं नंदिनीला 'ती त्याच्याकडे आकर्षित होऊ लागली' असं म्हणत बसले.

काव्यशास्त्राच्या तासाला मम्मटाचे रसदोष शिकलो होतो. रस किंवा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, त्याच्या स्वतःच्या नावानं सांगून टाकणं हा त्यानं काव्यप्रकाशात दोष म्हणून सांगितलाय. शृंगार असं म्हटलं की शृंगार होत नाही. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आज सहाही प्रकरणांतून 'आकर्षण', 'ओढ', 'प्रेम' हे शब्द पेन्सिलीनं गोल करत गेले तर एकवीस निघाले. नाट्यशास्त्रात भरतानं सांगितलेले आठ सात्त्विक भाव याच्या अगदी उलट आहेत: घाम, काटा, कापरं, आवाज बदलणं, चेहऱ्याचा रंग जाणं वगैरे. ही शरीराची कामं, आणि ती लपवता येत नाहीत. नंदिनीचा आवाज 'किती झाले?' या दोनच शब्दांत बदलला तर पुरे. तिनं पैसे मोजताना दोनदा चुकावं. ती मुद्रितशोधक आहे, ती चुकत नाही. म्हणून तिचं चुकणं दिसेल.

आणि मग 'तुम्ही'.

ही आपल्याकडची केवढी मोठी सोय आहे! दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघंही वयानं मोठी, 'तुम्ही'वरच सुरुवात होणार. 'तू'पर्यंत जायला मध्ये एक लांबच लांब गल्ली आहे, आणि त्या गल्लीत मराठी माणूस संबोधनच गाळतो. 'चहा होणार का?' 'आज उशीर झाला.' 'पुन्हा येणं कधी?' तुम्ही म्हणवत नाही आणि तू म्हणायची हिंमत नाही. माझी आई बाबांना आयुष्यभर 'ऐकलंत का' म्हणाली, पण तो मान होता. ही चोरी आहे. तीन प्रकरणं या दोघांना असंच बिनसर्वनामाचं बोलू द्यायचं. वाचकाला कारण कळलं नाही तरी हवा बदलल्याचं जाणवेल.

संध्याकाळी अचानक तो प्रसंग सापडला. नंदिनी आजीची स्वयंपाकाची वही बांधायला देते. आजीनं समासात, अगदी कडेपर्यंत, पेन्सिलीनं लिहिलंय: मीठ कमी घाल, अमक्याला तिखट सोसत नाही. शिरीष वही उचलून कटिंग मशीनच्या पात्याखाली सरकवतो आणि नंदिनी ओरडते, "थांब!"

थांबा नाही. थांब.

एक काना गळला. दिवसभर दुसऱ्यांचे गळलेले काने जागेवर लावणारी बाई, तिला हे लगेच ऐकू येतं, आणि ती दुरुस्त करत नाही. तो वही बाहेर काढून तिच्यासमोर धरतो. आत चिठ्ठी खोचलेली असते, त्याच्या अक्षरात: कड कापायची नाही. तो फक्त माप घेत होता. कडा वेड्यावाकड्या राहतील, पण आजीचं एक अक्षर जाणार नाही, हे त्यानं ती यायच्या आधीच ठरवलेलं.

लांब बोटं वगैरे खोडून टाकलं. तिला तो याच्यासाठी आवडतो, हे मला पटलं. दुसऱ्या कुणा बाईला तो याच्यासाठी आवडणार नाही कदाचित. पण ही दुसऱ्यांच्या समासात जगणारी बाई आहे.

शुक्रवार

काही लिहिलं नाही. पाऊस. खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय.

शनिवार

भिडे पूल पाण्याखाली गेला. नदी बघायला सकाळी माणसांची ही गर्दी. मीही छत्री घेऊन अर्धा तास उभी राहिले. लाल पाणी इतक्या वेगानं जातं की आपणच उलटे सरकतोय असं वाटतं.

जुन्या मसुद्यात हाच अडथळा घातला होता: पूल बंद, म्हणून नंदिनी डेक्कनकडे अडकली, तो पलीकडे, आठ दिवस भेट नाही. पुण्याचा वाचक पहिल्याच ओळीला म्हणेल, लकडी पुलावरून जा की! आणि त्याचं बरोबर आहे. पाच मिनिटांचा तर वळसा. पण उभ्या उभ्या वाटलं, अडथळा खोटा आहे हेच उपयोगी पडेल. नंदिनी आठ दिवस जात नाही, कारण त्या 'थांब'नंतर तिला भीती वाटते. नवव्या दिवशी जाऊन म्हणते, "पूल बंद होता." तो शनिवार पेठेत जन्मलेला माणूस, कुठला पूल उघडा असतो हे त्याला पाठ आहे. तो म्हणतो, "हो, पाणी फार होतं."

कॅनडातला १९७४चा एक प्रयोग वाचला होता, डटन आणि अॅरन या दोघांनी केलेला. दरीवरच्या डुगडुगत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. भक्कम, बुटक्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्या जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. छातीतली धडधड पुलामुळे होती, त्यांनी ती तिच्या नावावर लिहिली, असा त्याचा अर्थ लावला गेला. आज पाण्याकडे बघताना माझीही छाती धडधडत होती. या दोघांना इथे गर्दीत शेजारी शेजारी उभं करायचा मोह झाला. नाही करणार. नंदिनीला स्वतःच्या धडधडीबद्दल शंका राहू नये असं मला वाटतं. तिला ते दुकानात, कोरड्या जमिनीवर, खळीच्या वासात व्हायला हवं.

रविवार

'गाथासप्तशती'तल्या, हाल राजाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या ७०० गाथांपैकी एक माझी फार आवडती आहे. वाटसरू पाणपोईवर ओंजळीनं पाणी पितोय. पाणी घालणारीकडे वर बघता यावं, पिणं लांबावं, म्हणून तो बोटं विरळ करतो. पाणी गळून जातं. आणि ती? तिची धार आधीच बारीक. ती आणखी बारीक करते.

संपलं. एवढीच गाथा. कुणी बोललं नाही, रूपाचं वर्णन नाही, पुढे काय झालं तेही नाही. इतकी वर्षं मी त्या वाटसरूच्या बोटांवर खूश होते. आज कळलं की गाथा उभी आहे ती तिच्या मनगटावर. तिनं धार तशीच ठेवली असती तर हा एक लोचट प्रवासी झाला असता. तिच्या हातात भांडं आहे, धार किती ठेवायची ते तिचं तिनं ठरवलंय. माझ्या शिरीषच्या हातात भांडंच नव्हतं. भाचीला तो दिसत नव्हता तो म्हणून.

दुपारी आईचा फोन आला. ही गाथा तिला सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तुझे बाबा शब्दकोड्यात एक शब्द रिकामा ठेवायचे."

"येत नसेल."

"येत असायचा गं. मला विचारता यावं म्हणून ठेवायचे."

"तुला कळायचं?"

"पहिल्या वर्षापासून. मी पण लगेच नाही सांगायचे. भाजी फोडणीला टाकायची, मग म्हणायचे, किती अक्षरी?"

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन उभे राहिलेले बाबा मी शेकडो वेळा पाहिलेत. मला वाटायचं, त्यांना कोडं सुटत नाही.

फोन ठेवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

सोमवार, पहाटे

पाचवं प्रकरण नव्यानं लिहून झालं. दोनच पानं भरली.

नंदिनी येते. पाऊस थांबलाय, वाड्याच्या चौकात पागोळ्या गळताहेत. शिरीष भावाशी फोनवर बोलतोय, खूप महिन्यांनी, मशीनबद्दल. त्याचा आवाज चढलेला आहे. ती दारातच थांबते. तो फोन संपवून तिच्याकडे वळतो तरी राग अजून चेहऱ्यावर असतो, आणि तो लपवत नाही.

"वही?" ती विचारते.

"शुक्रवारी."

सगळ्यांना 'उद्या' म्हणणारा माणूस चार दिवसांनंतरचा वार सांगतो. ती मान हलवते. छत्री उचलायला वाकते तेव्हा तिला टेबलाच्या खालच्या फळीवर वही दिसते, कापडी पाठीची, बांधून पूर्ण झालेली, वजनाखाली दाबून ठेवलेली. वेड्यावाकड्या कडा लांबूनही ओळखू येतात.

ती सरळ उभी राहते. छत्रीचं पाणी झटकते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"शुक्रवारी मला जमायचं नाही," ती म्हणते. "शनिवारी आले तर चालेल?"

"चालेल," तो म्हणतो. "शनिवारी ये."