आमची वाटचाल : पाट, पातं आणि एक शनिवार

आमचा धंदा शार्कुटरी बोर्डचा, म्हणजे लाकडी पाटावर चीज, कापलेलं मांस आणि फळं मांडून द्यायचा. त्याची सुरुवात एका जुन्या होबार्ट स्लायसरपासून, म्हणजे मांस कापायच्या यंत्रापासून झाली. न्यू जर्सीत एडिसनजवळ एक इटालियन डेली, म्हणजे मांस आणि चीज कापून विकणारं दुकान होतं, तिथे मी तीन वर्षं काउंटरला काम केलं. वेंगुर्ल्याची, मासे खाऊन वाढलेली मी. सलामी आणि सोप्रेसाटा या सुकवलेल्या सॉसेजांतला फरक मला तिथल्या मालकांनी शिकवला. कॅपिकोलाला, म्हणजे डुकराच्या मानेच्या मुरवलेल्या मांसाला, ते ‘गबगूल’ म्हणायचे. न्यू जर्सीतल्या जुन्या इटालियन घरांत शब्दाचा शेवटचा स्वर गिळतात. मालकांना आम्ही आजोबा म्हणायचो. २०१५ साली त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा स्लायसर मला दिला, पैसे घेतले नाहीत. फक्त एक शब्द घेतला : रोज रात्री पातं उघडून धुवायचं, कितीही दमलीस तरी. तो शब्द मी आजपर्यंत पाळलेला आहे.

प्रोशुटो, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी, कापायचा तर कागदासारखा. बोटावर चकती ठेवली की खालची नखाची कड दिसली पाहिजे. जाड कापलेला प्रोशुटो चावून चावून जबडा दुखतो आणि लोक मांसाला दोष देतात, दोष पात्याचा असतो. धार गेलेलं पातं चरबी कापत नाही, फासतं.

पहिली ऑर्डर सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचीच होती, फेब्रुवारी २०१६. नवरा नोकरी सांभाळून गाडी चालवायचा, मी भाड्याच्या किचनमध्ये पाट लावायचे. घरातून हा धंदा करता येत नाही, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. न्यू जर्सीत घरगुती पदार्थ विकायचा परवाना मिळू लागला तोच मुळी २०२१ मध्ये, आणि तोही फ्रिज न लागणाऱ्या पदार्थांपुरता. चीज आणि मांस त्यात बसत नाही.

शार्कुटरी बोर्ड लावणं मला जड गेलं नाही, कारण आईने पान वाढायला शिकवलं होतं. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. इथे आधी वाट्या ठेवायच्या : ऑलिव्ह, मोहरी, मध. मग चीज, एकमेकांपासून लांब. मग मांसाच्या घड्या. क्रॅकर आणि फळं शेवटी, फटी बुजवायला. क्रॅकर ओल्या चीजला टेकला की अर्ध्या तासात मऊ पडतो. मँचेगो चीजबरोबर स्पॅनिश लोक क्विन्स फळाचा घट्ट मुरंबा देतात, मी त्या जागी पेराद, म्हणजे पेरूचा घट्ट गोळा ठेवते, गोव्याकडे करतात तसा. पेरू ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणते आणि घोटून घोटून गोळा करते. आजोबांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा दुसरा तुकडा मागून घेतला होता.

आमच्याकडे शाकाहारी पाट वेगळा लागतो, सुऱ्याही वेगळ्या. आणि इथे फार लोक चुकतात : पार्मेजान शाकाहारी नाही. खरं पार्मिजानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने विरजतात. लेबलवर मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनचं) किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलेलं असेल तरच ते चीज त्या पाटावर जातं. ब्रेसाओला गोमांसाचा असतो, तो मागितल्याशिवाय मी कुठेच ठेवत नाही.

आता २०१८. ४ फेब्रुवारीला सुपर बोल, फिलाडेल्फियाचे ईगल्स विरुद्ध पेट्रियट्स. फिलाडेल्फिया आमच्यापासून गाडीने तासा-सव्वा तासावर, त्यामुळे अर्धी मध्य न्यू जर्सी ईगल्सच्या हिरव्या जर्सीत फिरत होती. ३१ पाटांची ऑर्डर होती, तोवरची सर्वांत मोठी. मी घाबरून शुक्रवारी रात्रीच सगळं कापून ठेवलं. प्रोशुटो, मोर्टाडेला, गबगूल, थर लावून, मध्ये कागद घालून. ती माझी चूक, मी ती कधी नाकारली नाही.

शनिवारी सकाळी पावणेसहाला किचन उघडलं तर वॉक-इन फ्रिजचा आवाज नव्हता. काटा ५८ वर. फ्रिज ४० फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये आणि वर गेल्यावर मऊ चीज, कापलेलं मांस दोन तासांत टाकायचं असतं. कॉम्प्रेसर कधी बंद पडला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रात्री अकराला की पहाटे पाचला? वासाने कळत नाही, चवीने तर अजिबात नाही. किचनमालक म्हणाला, थंडच लागतंय हाताला, चालून जाईल. माझ्या हाताखालची मुलगीही तेच म्हणाली. दोन हंगाम मी तिला शिकवलं होतं, स्लायसरला हात लावू दिलेली ती एकटी.

आम्ही टाकलं. ब्री, ताजं मोझरेला, बकरीच्या दुधाचं चीज, कापलेलं सगळं मांस. ४२०० डॉलरचा माल काळ्या पिशव्यांत. उरलं काय, तर जुन्या गौडा चीजचं चाक, मँचेगो, न कापलेल्या कोरड्या सलाम्या, फळं आणि सुकामेवा. ही चीजं कडक, पाणी कमी, ती एवढ्याने बिघडत नाहीत. मग एकेक फोन. पैसे परत हवेत की अर्ध्या किमतीत अर्धा पाट? १९ जणांनी पैसे परत घेतले. ईस्ट विंडसरचे एक काका, पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक, म्हणाले, “चीज नाही तर नाही. भाकरवडी आहे ना? ती लाव मधोमध.” त्यांनी पूर्ण पैसे दिले आणि आपल्या अमेरिकन पाहुण्यांना काय झालं ते स्वतः सांगितलं. ईगल्स ४१-३३ जिंकले. आम्ही तो सामना पाहिला नाही.

महिनाभरात ती मुलगी सोडून गेली आणि तिने स्वतःचं सुरू केलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने लिहिलं : “त्यांचा माल बिघडला होता, मी तिथेच होते.” वाक्य खोटं नाही. तो माल किचनच्या दाराबाहेर गेला नाही, हे तेवढं लिहिलं नाही. तिने माझ्याच घड्या, माझीच पेरादची वाटी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये लावली, माझ्याहून ३० डॉलर स्वस्त. पुढच्या फेब्रुवारीत आमच्याकडे नऊ ऑर्डरी आल्या. एका मंगळागौरीला एका बाईंनी मला तोंडावर विचारलं, तुमचं ताजं असतं ना गं? मी हो म्हटलं आणि घरी येऊन पातं धुतलं. सात वर्षं झाली, अजून तो प्रश्न गेलेला नाही.

मधली वर्षं बरी गेली. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ ने हरवलं, त्या दिवशी ६४ पाट गेले. सगळं मांस रविवारी सकाळीच कापलेलं. फ्रिजमध्ये आता दोन थर्मामीटर आहेत, ४० ओलांडलं की माझा आणि नवऱ्याचा फोन एकदम वाजतो.

घरी लावणाऱ्यांसाठी सांगते. सोबत दुसरं खाणं असेल तर माणशी दोन औंस मांस आणि दोन औंस चीज पुरे. वीस माणसांना प्रत्येकी अडीच पौंड. सुपर बोलचा किकऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, संध्याकाळी साडेसहाला, लोक साडेपाचपासून खातात, हाफटाइम (मध्यांतर) होईतो आठ वाजतात. दोन तास तिथेच संपतात. म्हणून एक मोठा पाट लावू नका, दोन लहान लावा. दुसरा हाफटाइमपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिल्यावर उरलेलं त्यात मिसळू नका. पाट अक्रोडाचा किंवा मेपलचा घ्या, फूड-ग्रेड मिनरल ऑइल लावा, खायचं तेल नको, ते खवट होतं.

ईस्ट विंडसरच्या काकांचा पाट दरवर्षी मीच लावते. भाकरवडी मधोमध.