कटर मशीनला आरएक्सचं पोर्टिंग चालत नाही

टू स्ट्रोकचं पोर्टिंग, म्हणजे जोर वाढवायला सिलेंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं (पोर्ट) घासून बदलणं, म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव यामाहाच्या आरएक्स 100 गाडीचंच येतं आणि ते बरोबरच आहे, पुण्या-कोल्हापुरात कितीतरी मेकॅनिकांचा हात त्याच गाडीच्या ब्लॉकवर बसलाय. पण आता लाकूड तोडायच्या चेनसॉ, म्हणजे आपल्या कटर मशीनी, त्याच गॅरेजात पोर्टिंगला यायला लागल्यात आणि गाडीला जे करतात तेच मशीनला करून देतात. एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर जायच्या पोर्टची, वरची कड दोन मिलिमीटर वर घासायची, आतून पॉलिश मारायचं, झालं. असं केलेलं एका ओळखीच्या लाकूडवाल्याचं मशीन परवा बघितलं, हवेत असं ओरडत होतं की ऐकणारा खुश, आणि फणसाच्या बुंध्यात बार (चेन फिरते ती पट्टी) अर्धा गेला की चेन थांबायची. चांगलं मशीन होतं, खरंच वाईट वाटलं.

आता गाडीला एक्झॉस्ट वर घेऊन जो फायदा होतो तो पाइपामुळे होतो. त्या फुगीर पाइपात दाबाची लाट पुढे जाते, आपटून परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. शिवाय गाडीला रीड वाल्व, म्हणजे आत आलेलं मिश्रण मागे जाऊ न देणारी पातळ पाती, आहे, चार गिअर आहेत, पॉवर वरच्या आरपीएमला गेली तरी गिअर टाकून तिथे राहता येतं. कटरला यातलं काय आहे? तळहाताएवढा मफलरचा डबा, त्यातून कामाची लाट परत येत नाही, मिश्रण आत यायचा पोर्ट, म्हणजे इनटेक, बहुतेक मशीनींना पिस्टनच्या स्कर्टनेच, म्हणजे खालच्या घेरानेच, उघडतो-मिटतो, आणि गिअर एकच. एक्झॉस्ट लवकर उघडला की पिस्टनला खाली ढकलणारा दाब अर्ध्यातच सुटतो आणि ताजं पेट्रोल सरळ बाहेर.

स्टिल कंपनीचं 381 मॉडेल घ्या, 72 सीसी, बोअर 52 आणि स्ट्रोक 34 मिलिमीटर. एवढ्याशा स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट उघडतो त्या जागी क्रँकची एक डिग्री म्हणजे पिस्टनचा साधारण 0.28 मिलिमीटर प्रवास. दोन मिलिमीटर घासलं की सात डिग्री गेल्या, आणि उघडताना सात तशा मिटताना सात, म्हणजे पोर्ट एकूण चौदा डिग्री जास्त उघडा. म्हणून मी कुणालाही आधी सांगतो की बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, लावायच्या आधी क्रँकवर डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावा. प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा पिस्टन स्टॉप घाला, दोन्ही बाजूंनी फिरवून टॉप सेंटर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, काढा, मग तिन्ही पोर्ट (एक्झॉस्ट, इनटेक आणि क्रँककेसमधून मिश्रण वर सिलेंडरमध्ये नेणारा ट्रान्सफर) कुठे उघडतात ते लिहून ठेवा. लाकूडतोडीच्या मशीनला एक्झॉस्ट टॉप सेंटरनंतर 100 च्या आसपास, ट्रान्सफर 120 च्या आसपास, आणि इनटेक टॉप सेंटरच्या आधी 75 ते 80 डिग्री, एवढ्यात राहिलं की मशीन लोडला जोर धरतं. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर यांच्यातलं वीस डिग्रीचं अंतर फार महत्त्वाचं, जळालेला धूर त्यातच बाहेर पडतो, अंतर कमी झालं तर तो ट्रान्सफरमध्ये उलटा घुसतो.

खरा जोर मला कॉम्प्रेशनमध्ये दिसतो. पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना सोल्डरची तार ठेवा, फ्लायव्हील फिरवा आणि दबलेली तार मोजा, तीच पिस्टन आणि हेडमधली गॅप. बऱ्याच मशीनींना ही गॅप 0.8 ते 1 मिलिमीटर निघते, ती 0.5 पर्यंत आणता येते. ब्लॉकखालचं पॅकिंग काढून पेट्रोलला टिकणारं सीलंट लावलं तर बऱ्याचदा लेथची गरजही पडत नाही, पण मोजल्याशिवाय पॅकिंग काढू नका, पिस्टन हेडला आपटेल. आणि इथे एक मजेशीर गोष्ट होते, ब्लॉक अर्धा मिलिमीटर खाली बसला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन-दोन डिग्री उशिरा उघडतात आणि इनटेक मात्र लवकर उघडतो, म्हणजे इनटेकचं काम न घासताच थोडं होऊन जातं. मग एक्झॉस्टची कड फक्त गेलेल्या डिग्री परत मिळवण्यापुरती घासायची.

बाकी ताकद रुंदीत आहे. 52 च्या बोअरला एक्झॉस्ट 34 मिलिमीटरपर्यंत रुंद, त्यापुढे गेलं की रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. पण त्याच्याही आधी पिस्टनचा स्कर्ट बघा, कटरच्या पिस्टनचा स्कर्ट बाजूंना कापलेला असतो, पोर्ट त्याच्या बाहेर गेला तर क्रँककेसचा दाब तिथूनच लीक. रिंगची टोकं जागेवर धरणारी पिन कुठे येते तेही बघून ठेवा.

आणि आरएक्सवाल्यांची अजून एक सवय इथे महागात पडते. त्या ब्लॉकला बिडाचा स्लीव्ह आहे, चुकलं तर रिबोअर करून, म्हणजे बोअर थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. कटरचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत निकासिल (निकेलचा कडक मुलामा) किंवा क्रोमचा पातळ थर, त्याला रिबोअर नाही. बर नेहमी बोअरच्या बाजूकडून पोर्टात जाईल असा फिरवा, उलटा फिरवला की थर उचकटतो. शेवटी सगळ्या कडा हाताने मोडून गोलसर करा, म्हणजे रिंग अडकणार नाही.

मफलरचं तोंड एक्झॉस्ट पोर्टच्या पाऊण भागाएवढं तरी मोठं करा, पण आतली जाळी ठेवा, उन्हाळ्यात सुक्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते. आवाज वाढतो, कानाला मफ लावा.

हवा आत-बाहेर जास्त जायला लागली की जुनं ट्यूनिंग लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन जाम होतो, त्यामुळे पहिल्यांदा चालू करतानाच कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) रिच, म्हणजे जास्त उघडा, ठेवा. हवेत फुल थ्रॉटल दिल्यावर मशीनने एक स्फोट गाळल्यासारखा अडखळता, फोर स्ट्रोकसारखा आवाज काढायला हवा आणि लाकडात टेकवलं की आवाज लगेच साफ व्हायला हवा. हवेतच साफ वाजत असेल तर स्क्रू अजून उघडा. ऑइल मी लिटरला 25 मिली टाकतो. दोन-तीन टाक्या झाल्या की मफलर काढून एक्झॉस्टमधून पिस्टनची बाजू बघा, उभे ओरखडे नसतील तर मशीन कामावर पाठवा.