देवमाशाची जागल

जूनमध्ये पहिल्यांदा विमानात बसली, तेही थेट सिडनीला, लेकीच्या बाळंतपणासाठी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण आता माहेरालाच व्हिसा काढून लेकीकडे जावं लागतं, काय करणार. पेरणीच्या ऐन तोंडावर आर्वी तालुक्यातलं घर, शेत सगळं यांच्या भरवशावर सोडून आली म्हणून जीव अर्धा तिकडेच होता.

जूनच्या शेवटी एका रविवारी जावई म्हणाले, आई चला, तुम्हाला देवमासे दाखवतो. मला वाटलं बोटीत बसवतात की काय, मी आधीच नाही म्हणून टाकलं. पण बोट नाही न काही नाही, गाडीनं कर्नेल म्हणून गाव आहे तिथून पुढे केप सोलँडरला गेलो, समुद्रात घुसलेला खडकांचा कडा आणि वर पाहायला ओटा बांधलेला. तिकडे तेव्हा हिवाळा असतो, वारा असा की डोक्यावरचा स्कार्फ दोनदा उडाला. पन्नासेक माणसं दुर्बिणी लावून गप उभी. या कड्यावरून स्वयंसेवक कितीतरी वर्षं देवमासे मोजत आलेत म्हणे, थंडीवाऱ्यात, फुकट.

आता खरं सांगते, पहिला पाऊण तास मी प्रत्येक पांढऱ्या लाटेला देवमासा समजली. लेक वैतागली, आई तू गप बस. मग मला जागल आठवली. आमच्या शेतात रानडुकरं आणि रोही येतात, लग्न झाल्यावर कितीतरी रात्री मी यांच्यासोबत मचाणावर काढल्या, तिथे एका जागी टक लावून पाहिलं की काहीच दिसत नाही, नजर सैल सोडायची, जे हलते ते आपोआप डोळ्यात भरते. तसंच केलं. आणि दिसलं! ओल्या पऱ्हाटीचा धूर चुलीतून कसा उठतो, तसा पाण्यातून एक पांढरा खांब उठला, क्षणभर उभा राहिला न वाऱ्यानं वाकडा होऊन विरला. लाट फुटली की लगेच खाली बसते, हा उभा राहतो, एवढाच फरक. मी ओरडली, "तो पहा तो पहा!" बाजूच्या गोऱ्या बाईला मराठी काय कळणार, पण तिनं माझ्या बोटाच्या दिशेनं दुर्बीण फिरवली न हसून मान हलवली.

तो फवारा पाण्याचा नसतो, त्याचा श्वास असतो, तीन-चार मीटर उंच जातो. मग काळी पाठ दिसली, पाठ म्हणजे संपतच नव्हती हो, शेवटी शेपूट वर आलं आणि तो खाली गेला, आणि जिथे गेला तिथलं पाणी तेल सांडल्यासारखं गुळगुळीत, बराच वेळ तसंच. हे हंपबॅक जातीचे, चौदा-पंधरा मीटर लांब. आमचा बैलांचा गोठाही तेवढा नाही. कड्यावर समुद्राकडे तोंड केलं की ते उजवीकडून डावीकडे जातात, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. एकदा बुडाला की पाच-सात मिनिटं गायब, मग थोडं डावीकडे पाहत राहायचं. तीन तासात मला सात दिसले.

अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या पाण्यात उन्हाळाभर क्रिल नावाचे झिंग्यासारखे बारके जीव खाऊन चरबी साठवायची, न मग हजारो किलोमीटर पोहून क्वीन्सलँडकडच्या गरम पाण्यात बाळंतपण. महिनोन्महिने जवळजवळ उपाशी, त्याच चरबीवर पिल्लाला दूधही पाजायचं. हे ऐकलं न मी लेकीच्या हातात डिंकाचा लाडू दिला. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला, एरवी नखरे असतात.

जावयांनी आणखी एक सांगितलं ते डोक्यातून जात नाही. क्वीन्सलँडमध्ये टँगालूमाला १९५२ ते १९६२ या देवमाशांना मारून तेल काढायचा कारखाना होता, तो बंद झाला तो दया येऊन नाही, मारायला देवमासेच उरले नाहीत म्हणून. या बाजूच्या किनाऱ्यानं जाणारे तेव्हा काहीशेच राहिले होते. १९६३ मध्ये त्यांची शिकार बंद झाली, आणि आता अंदाज चाळीस हजारांच्या वर जातो. साठ वर्षांत! आमच्याकडची माळढोकं मात्र अशी परत आली नाहीत.

रात्री यांना फोन लावला, आधी विचारलं पाणी आलं का.

"कायचं पाणी, ढग येते न् जाते. तू तिकडं मासोया पाहत बस."

"मासोई नाही जी, तो आपल्यासारखाच पोराले दूध पाजते."

"मंग माशाले दूध येते? कोनं सांगतलं तुले?"

जावयांनी सांगितलं म्हटल्यावर गप झाले. पाऊस चार दिवसांनी आला, दुबार पेरणी टळली. नात जुलैत झाली.

आता ऑक्टोबर. माझ्या घरी कापसाची वेचणी तोंडावर आहे आणि तिकडे देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परत निघालेत, आता डावीकडून उजवीकडे, पिल्लू असलं की किनाऱ्याच्या जवळून, हळूहळू. काल लेकीनं त्याच कड्यावरून व्हिडिओ पाठवला, नात पोटाशी बांधलेली, झोपलेली, नुसता वाऱ्याचा आवाज, आणि खाली लिहिलं, आई मायलेकरू दिसले बघ!

मी तीनदा पाहिला. लाट आहे ती.