तुम्ही विचारलंत म्हणून: चेहरा घडवायला किती अ‍ॅनाटॉमी लागते?

व्यक्तिशिल्पं करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही: ‘चेहरा हुबेहूब यायचा तर सगळे स्नायू पाठ हवेत का?’ विचारणाऱ्याच्या फोनमध्ये बहुधा लाल स्नायूंचा तो तक्ता असतो आणि त्यातली निम्मी लॅटिन नावं त्याला येतही असतात. माझं म्हणणं, तक्ता नंतर बघा, आधी कवटी मिळवा. प्लास्टिकची चांगली प्रतिकृती पुरते. ती समोर ठेवून मातीत करा, फिरवून पुन्हा करा, खालून बघून पुन्हा करा.

माणूस ओळखू येतो तो बराचसा हाडांवरून. कवटीत हाडं 22, त्यांतली चेहऱ्याची 14. पण ती मोजून शिल्पकाराच्या हाती काही लागत नाही. त्याला हव्यात त्या जागा, जिथे हाड कातडीला येऊन भिडतं. भुवईची कड, गालाचं हाड, नाकाचा वरचा भाग, जबड्याची कड, हनुवटी. आणि कपाळाचा समोरचा भाग संपून कानशील सुरू होतं ती कड, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्वतःच्या चेहऱ्यावर बोटांनी चाचपून बघा, सगळ्या सापडतील. माणूस हसला, चिडला, जाड झाला तरी ही हाडं जागची हलत नाहीत. हलतो तो फक्त खालचा जबडा.

1895 साली विल्हेल्म हिस या शरीररचनातज्ज्ञाने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर ठिकठिकाणी मांसाची जाडी मोजली, आणि त्या मापांवरून कार्ल सेफनर या शिल्पकाराने संगीतकार बाखची मानल्या गेलेल्या कवटीवर मातीचा चेहरा चढवला. म्हणजे हाडांवरून चेहऱ्याचा आराखडा बांधता येतो. नाकाचा शेंडा, ओठ आणि कान यांबद्दल मात्र कवटी फारसं बोलत नाही, आणि साम्य अडतं ते बहुधा तिथेच.

कवटीचा खरा उपयोग डोळ्यांपाशी कळतो. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, लहान मुलांचे त्याहून खाली. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि तरीही डोळे वर बसवतात, कारण कपाळ आणि केसांच्या भागात बघण्यासारखं काही वाटत नाही, मग हात तो भाग आपोआप आखूड करतो. दुसरी गोष्ट, बुबुळासकट डोळ्याचा गोळा मोठ्या माणसांत जवळपास एकाच मापाचा, 24 मिलिमीटरच्या आसपास. ‘टपोरे डोळे’ किंवा ‘मिचमिचे डोळे’ हा सगळा पापण्यांचा आणि खोबणीचा खेळ. म्हणून मी आधी मातीचा गोळा खोबणीत बसवते आणि मग त्यावर पापण्या पांघरते. पापणी आधी कोरली की डोळा कागदावर काढल्यासारखा सपाट होतो. बाजूने बघाल तर बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा चांगलाच मागे असतो. ओठांचंही तेच, ते दातांच्या कमानीवरून वळून जातात, आणि कोपरे मध्यापेक्षा मागे राहतात. नवशिक्याचं तोंड सपाट भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं ते ही कमान विसरल्यामुळे.

आता स्नायू. चावण्याचे स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात, पण हावभावांचे स्नायू बहुतेक कातडीत जाऊन संपतात. म्हणून भाव बदलला की कातडी ओढली जाते, आणि सुरकुती स्नायूच्या धाग्यांना आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा, तर आठ्या आडव्या. भुवया आत ओढणारा स्नायू आडवा-तिरका, तर भुवयांमधल्या रेघा उभ्या. एवढं समजलं की सुरकुत्या पाठ कराव्या लागत नाहीत. समोरची सुरकुती कुठून ओढली गेली आहे हे कळतं, आणि ती नुसती रेघ मारून दाखवायची नसते हेही.

ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू वेगवेगळे आकुंचित करून त्यांचे फोटो काढले आणि 1862 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही सामील असतो, हे त्याने तिथे मांडलं. शिल्पात नुसते ओठांचे कोपरे उचलले तर माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा हसतो. गाल वर चढायला हवा, खालची पापणी फुगायला हवी. चरबीकडे मात्र हे तक्ते काणाडोळा करतात, आणि मधल्या वयाच्या गालांत दिसते ती मुख्यतः चरबीच. स्नायू जास्त पाठ झालेल्यांची शिल्पं कधीकधी सोललेली वाटतात, ती याचमुळे.

ऊदों या फ्रेंच शिल्पकाराने 1767 मध्ये कातडी काढलेल्या पुरुषाची पूर्णाकृती केली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिच्यावरून शिकले. त्याच माणसाने व्यक्तिशिल्पांत बुबुळ खोल कोरून आत दगडाचा एक बारीक कण तसाच सोडला. सावलीत तो कण डोळ्यातल्या चमकेसारखा दिसतो. कुठल्याही डोळ्यात असा खड्डा नसतो. दगडाला रंग नाही, म्हणून काळेपणा सावलीने आणावा लागतो. अ‍ॅनाटॉमीत हे कुठेच येत नाही.

‘मग फोटोवरून करताना काय?’ हा पुढचा प्रश्न. खरं तर अ‍ॅनाटॉमी सर्वांत जास्त लागते ती तिथेच. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे पळतात, आणि डोक्याची मागची खोली तर समोरून कळतच नाही. म्हणून मी बाजूने काढलेला एखादा फोटो मागते, लग्नातल्या गर्दीतला का असेना. कधी फोटो तिशीतला असतो आणि शिल्प हवं असतं सत्तरीतलं. अशा वेळी मी घरच्यांना पहिलं विचारते ते दातांबद्दल. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, ओठ आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते. कवळी वापरत असतील तर हिशोब पुन्हा वेगळा.