कोपरखैरण्यातला कापणीचा सण

दिवाळी आटोपली की आमच्या चर्चच्या पंच कमिटीत एक वाद हमखास निघतो. कुणीतरी चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "पाळकसाहेब, आपल्यात शेती कसतंय कोण आता? तुर्भ्याच्या मार्केटातून भाजी आणायची, वेदीपुढे ठेवायची आणि चौपट भावाने आपणच घ्यायची. ह्याला कापणीचा सण म्हणायचं का?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या मंडळीत माथाडी आहेत, नर्सबाया आहेत, महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करून थेट उपासनेला येऊन डुलक्या काढणारी पोरं आहेत. ज्यांची जमीन आहे ती गावी, भावकीच्या भांडणात पडीक. आणि हा सण आला तोही गावाकडूनच. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला बस्तान बसवलं, पुढे खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. तिथे रोकड नव्हती, धान्य होतं. आमच्या आजोळी लोक पायली-दोन पायली बाजरी, शेंगा, पाय बांधलेली कोंबडी असं काही काही आणत. लिलाव होई आणि त्यातून पाळकाचा पगार निघे. म्हणजे माझ्यासारख्याचं पोट ह्याच सणावर चालायचं, तेव्हा माझं मत थोडं जपूनच घ्या.

तरीही मी सण बंद करू देत नाही. त्याला कारण बायबलमधल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय. प्रथमउपज, म्हणजे पहिलं पीक, टोपलीत घालून याजकाकडे न्यायची, एवढंच आपल्याला पाठ असतं. पण तिथे टोपली याजकाच्या हाती गेली की काम संपत नाही. आणणाऱ्याने देवापुढे उभं राहून बोलायचं आहे, आणि बोलायचं काय, तर पिकाबद्दल जवळजवळ काहीच नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात उपरा म्हणून राहिला, तिथे आमचे हाल झाले, आम्ही ओरडलो, देवाने ऐकलं, इथे आणलं. आणि मग शेवटी, ही बघ टोपली. पोट भरल्यावर माणूस आपण कुठून आलो ते विसरतो, म्हणून ही तरतूद असावी.

गावाकडे ह्याची गरज भासत नसे, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. इथे शेजारच्या बाकावरचा कुठला हे सात वर्षांत कळत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, टोपली ठेवताना प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची. भाजी मार्केटातली का असेना.

लोक आधी लाजले. मग सुटले. वाशीत प्लंबिंग करणाऱ्या एका काकांनी भोपळा ठेवला आणि सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला जात होते, तिथून ठाण्याला आले, पहिली रात्र फलाटावर काढली. त्यांच्या मुलाने हे पहिल्यांदा ऐकलं. तो लिलाव पुकारणाऱ्याशेजारी उभा होता, त्याचं "एक वार, दोन वार" बराच वेळ नीट निघेना. (भोपळा आमच्याच घरी आला. लोकलमध्ये घेऊन कोण चढणार? लेव्याचा, म्हणजे देवाच्या सेवेकऱ्याचा, वाटा शास्त्रात आहे, पण तो दरवर्षी भोपळाच असावा असं मला कुठे सापडलेलं नाही.)

आमच्या एक मावशी भाजी मार्केटात पहाटे गाड्या रिकाम्या होताना खाली सांडलेलं वेचतात. निवडतात, डागी भाग कापतात, पाण्याचा हात मारून स्टेशनबाहेर वाटे लावतात. त्यांनी तीच टोपली आणली: ठेचाळलेले टोमॅटो, सुटी लसूण, फ्लॉवरचे तुरे. एका पंचांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "उचललेला माल वेदीजवळ चालतो का?" मी म्हटलं, बायबलमधल्या रूथने बवाजाच्या शेतात दुसरं काय केलं? शेताचे कोपरे कापू नका, सरवा (कापणीत खाली सांडलेलं) वेचू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या, असा बायबलच्या लेवीय पुस्तकात हुकूम आहे. तुर्भ्याच्या मार्केटात तो हुकूम कुणी काढलेला नाही, तरी सरवा पडतो आणि वेचला जातो. ही रूथ म्हणजे दावीद राजाची पणजी, ती सरवा वेचणारी होती, वर परदेशी.

कुणीतरी चांगल्या मनाने सुचवलं, मावशींची टोपली तशीच वाटून टाकू. मावशी उठल्याच. "का? माझ्या मालाला भाव नाय का?" लिलाव झाला. पन्नासला बोली सुरू झाली, ती रेंगाळली तशी मावशींनी स्वतःच "शंभर!" म्हणून आरोळी ठोकली. पुकारणारा म्हणाला, मावशी, आपलाच माल आपण चढवायचा नसतो. त्या म्हणाल्या, मार्केटात सगळे व्यापारी तेच करतात. टोपली चारशेला गेली.

आम्ही गावठाणातला हॉल भाड्याने घेतो. त्याची किल्ली सांभाळणारे दादा आगरी, एकादशीला उपवास आणि आषाढीला पंढरी. ते दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. शेवटच्या टोपलीनंतर पुढे आले आणि म्हणाले, "मी पण दोन शब्द बोलू का?" टोपली नव्हती. त्यांनी हाताने मागची भिंत दाखवली, तिथवर आमचं भाताचं शेत, म्हणाले, त्यापुढे खाजण. 1970 ला सिडको, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील ह्यांच्या मागे दादांचे वडीलही होते. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले, ते भावांत वाटले गेले.

आम्ही सगळे आपापल्या वनवासाच्या गोष्टी सांगत बसलो होतो, आणि ज्या जमिनीवर आणल्याबद्दल देवाचे आभार मानत होतो ती ह्या माणसाची होती. अनुवादाच्या त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात लेवी आणि उपरी ह्यांच्यासह आनंद कर असं आहे. इथले उपरे आम्हीच. यजमान दाराशी उभा.

ह्या वर्षी कमिटीपुढे मी एकच विषय ठेवलाय: लिलावाचा दहावा हिस्सा गावठाणातल्या शाळेच्या वह्या-पुस्तकांना द्यायचा. खजिनदार म्हणतात, दहावा कशाला, साडेबारा द्या. हिशेब अजून चालू आहे.